ओंकारच्या नोकरीचा नारळ

मी नवसाचा नारळ बोलतोय. गावदेवीच्या देवळात, गाभाऱ्यासमोरच्या तुळईला लाल फडक्यात बांधून टांगलेला. सुचिताने मला इथं बांधलं तेव्हाचा तिचा शब्द मला अजून पाठ आहे.

"आई, माझ्या ओंकारला कंपनीत नोकरी लागू दे. लागली की हाच नारळ तुझ्या पायाशी फोडीन, ओटी भरीन. तोवर घरात मंगलकार्य करनार न्हाय."

साधा, सरळ नवस. त्याचा एवढा घोळ होईल असं ना तिला वाटलं, ना मला.

माझा जन्म तिच्याच परसातला, विहिरीवरच्या माडावर. तिचे सासरे तुळशीराम आधी मिठागरावर मीठ ओढायचे. मिठागर बुडालं, ते कंपनीत चिकटले आणि म्हातारे होऊनच गेटाबाहेर आले. नोकरी म्हणजे ती, असं सुचिताच्या मनात पक्कं बसलेलं. एकदा लागली की लागली.

तुळईवर माझ्याआधी पुष्कळ नारळ होते. जुने लेकरासाठी, होडीसाठी, आजारपणासाठी बांधलेले. माझ्या आसपासचे सगळे नोकरीचे. त्यातले कितीतरी एकाच कंपनीच्या एकाच गेटावर नजर लावून. एवढी पोरं त्या गेटातून आत जाणार कशी, हे मला कळेना. देवीलाही विचार पडला असेल.

पण ओंकारला काम लागलं. सुचिता हळदीकुंकू घेऊन धावत आली. गुणाजी गुरव स्टुलावर चढला, माझ्या गाठीला हात घातला आणि सहज म्हणाला, "परमनंट ना वैनी?"

सुचिताने ओंकारकडे पाहिलं. ओंकारने जमिनीकडे.

"ठेकेदाराकडून हाय," तो म्हणाला. "पन काम कंपनीतच."

"मंग ही नोकरी धरायची का न्हाय?" सुचिताने गुणाजीला विचारलं.

"मला काय विचारतेस? देवीला विचार," गुणाजी म्हणाला.

"देवीला ठेकेदार म्हाईत हाय का?"

गुणाजी खाली उतरला. मी होतो तिथंच राहिलो.

बाईची अडचण खरी होती. नवस पावला असेल आणि फेडला नाही, तर देवीचं देणं अंगावर. पावला नसेल आणि फेडला, तर देवीला फसवल्यासारखं. पुढं ठेका संपला तेव्हा ओंकार हसत देवळात आला. "आई, तुझा नारळ वर आनि कंपनीनं दिलेला माझ्या हातात!" सुचिता हसली नाही.

मग त्याला अलिबागकडे मुंबईवाल्यांच्या बंगल्यावर राखणीचं काम मिळालं. आली सुचिता. चढला गुणाजी. "ही नोकरी का चाकरी?" उतरला गुणाजी. बंगला विकला गेला. मग जेट्टीवर गाड्या लावून घ्यायचं काम. तिथं दुसऱ्या ठेकेदाराची माणसं आली. मग हरिहरेश्वरला एका लॉजची गाडी चालवायला लागला. दर वेळी काम खरं असायचं, पगारही खरा असायचा, फक्त नवस पुरा झालाय की नाही ते कुणाला सांगता येत नव्हतं. मला तर मुळीच नाही. एका नारळाने किती वेळा पावावं?

हरिहरेश्वरला त्याच लॉजच्या स्वयंपाकघरात तेजस्वी काम करायची. दोघांचं जमलं. मुलीकडच्यांची ना नव्हती. लग्न अडलं होतं ते माझ्यापाशी.

तेजस्वी एकदा देवळात आली, मान वर करून मला बघत राहिली. "काकू, दोघांतलं एकाचं तरी काम चालू राहील की. हा नारळ किती दिवस आमच्या डोक्यावर?"

"शब्द दिलाय बाय मी."

शेजारची गोदूबाई सुकी मासळी विकून परत येत होती, ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "अगं सुचिता, त्या नारळाला बघून माझ्या बोंबलांनाबी कीव येते. सुकायचं तरी किती!"

पावसाळ्यात पर्यटक आटले, लॉजवाल्याने गाडी बंद केली. ओंकार घरी बसला. आणि आज सकाळी सुचिता आली, गुणाजीला म्हणाली, "उतरव."

गुणाजी गोंधळला. "आज? आज तर पोरगा रिकामा हाय!"

"म्हनूनच. आज कायच न्हाय म्हनून मला नीट दिसतंय. कंपनी मिळाली, बंगला मिळाला, जेट्टी मिळाली, गाडी मिळाली. ह्या देवीनं दर खेपेला ओंजळीत घातलं. टिकवायचं काम हिचं न्हवतं."

"मंग कुनाचं?"

"ज्यांनी राबवून घेतलं त्यांचं," ओंकार मागून बोलला.

तिने त्याला गप्प केलं नाही. "त्यांना तू विचार, मीबी येईन संगं. पन हिचं देनं मी अडवून धरनार न्हाय. आनि तेजस्वीलाबी."

आता मी देवीच्या पायाशी आहे. ओंकार माझी शेंडी काढतोय, तेजस्वी ओटीचं ताट धरून उभी आहे. माझं पाणी कधीच आटलं, आतलं खोबरं सुटून खुळखुळतंय. गोड निघेन की खवट, मलाच माहीत नाही. मी पावलेला नवस आहे की राहिलेला, तेही शेवटपर्यंत उमगलं नाही. तरी पायरीवर बसून सुचिता लग्नाला कुणाकुणाला बोलवायचं ते गोदूबाईला सांगतेय, आणि ते ऐकायला बरं वाटतंय.

बायांनो, तुमच्याही गावच्या तुळईवर माझा कुणी भाऊ पक्क्या नोकरीची वाट बघत सुकत असेल. आलेल्या कामाबद्दल देवीचे आभार माना, न टिकलेल्याचा जाब ज्याचा त्याला विचारा, पोरांची लग्नं थांबवू नका. गुरवाला हाक मारा, स्टूल लावा, आणि माझ्या त्या भावाला खाली घ्या.