पिटुकलीचे पोट आणि बारीक चाळणी

मित्रांनो, माझ्या जाळीतून कोंड्याचा कणही कधी खाली गेला नाही, आणि या गोष्टीचा मला फार गर्व होता. अशी मी एक जुनी पिठाची चाळणी आहे. तो गर्व कसा उतरला, तेच आज सांगते.

मला एका कारागिराने घडवले. त्याने तार इतकी दाट विणली, की दुकानात शेजारी टांगलेल्या धान्याच्या चाळण्या मला "नाजूकबाई" म्हणून चिडवत. एके दिवशी एका पाववाल्याने मला उजेडापुढे धरले, कडेवर टिचकी मारली आणि म्हणाला, "हीच हवी." त्यानंतर तीस वर्षे मी त्याच्या हातात होते. भट्टी पेटायच्या आधी आमचे काम सुरू होई. पीठ भुरुभुरु खाली पडे आणि कोंडा माझ्या अंगावर उरे. तो शेजारच्या कोंबड्यांना जाई. कोंबड्या अगदी ठणठणीत होत्या, पण त्यावरून आम्हा दोघांनाही कधी काही सुचले नाही. गिऱ्हाइके पावाचा तुकडा मोडून म्हणत, "कापूस आहे हो नुसता!" तेव्हा पाववाला माझ्याकडे बघून हसे. काय दिवस होते ते!

भट्टी बंद झाली तेव्हा त्याने बाकीचे सामान देऊन टाकले, मला मात्र काखेत मारून घरी आणले. घरी तो पाववाला नव्हता, आजोबा होता. आजोबांची लेक आणि तिची तीन वर्षांची मुलगी तिथे राहत. त्या मुलीला सगळे पिटुकली म्हणत.

नातीसाठी आजोबा घरीच पाव करू लागले. "लेकराच्या कोवळ्या पोटाला कोंडा बोचेल," असे म्हणत ते पीठ तीन-तीनदा चाळत. सफरचंदाची साल काढत, भाजी गाळून देत, आणि जरा भूक लागली की दुधाचा पेला पुढे करत. पिटुकली सगळे मिटक्या मारत खाई.

मग एक दिवस न्हाणीघरातून रडणे ऐकू आले. "नाही बसायचं! दुखतं!" तीन-तीन, चार-चार दिवस तिला शी होत नसे. झालीच तर खडा होई आणि आणखी दुखे. त्या भीतीने ती पाय आवळून, टेबलाचा कोपरा धरून उभी राही. तोंड लालबुंद होई. तिचे जेवण कमी झाले. लेकीचा धीर सुटला. एकदा ती पिटुकलीवर ओरडली आणि मग स्वतःच रडत बसली. आजोबांनी यावर एकच उपाय केला. त्यांनी पीठ चौथ्यांदा चाळले. मीही जीव तोडून काम केले.

शेवटी लेक तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. परत आल्यावर ती चाचरत म्हणाली, "बाबा, रागावू नका. त्यांनी सांगितलंय, पीठ चाळायचं नाही."

मी तेव्हा आजोबांच्या हातातच होते.

"तीस वर्षं पाव केलेत मी," ते म्हणाले. "आता मला शिकवणार का त्या?"

"कोंड्यानंच पोट साफ होतं म्हणे. फळं सालासकट, भाज्या, डाळी, वरचेवर पाणी. दूध दिवसाला दोनच पेले. थोडे दिवस औषध. आणि जेवण झालं की पायाखाली पाट ठेवून पाच मिनिटं बसवायचं. ओरडायचं नाही. ते खास मला सांगितलंय."

आजोबांनी मला खिळ्याला अडकवले आणि दोन दिवस पावाचे नावच काढले नाही. खरे सांगते, मला डॉक्टरीणबाईंचा फार राग आला.

तिसऱ्या दिवशी पिटुकली पुन्हा टेबलाचा कोपरा धरून उभी राहिली. आजोबांनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी आशेने वाट बघत होते. त्यांनी डबा उघडला आणि न चाळलेले पीठ सरळ परातीत ओतले.

पिटुकलीने तो पाव बाजूला सारला. "मळका आहे."

"मळका नाही गं, उन्हात खेळून आलाय," आजोबा म्हणाले आणि आधी स्वतः मोठा घास घेतला. ती हसली. मग तिनेही एक तुकडा मोडला.

लगेच काही झाले नाही. काही आठवडे गेले. आजोबा रोज जेवणानंतर न्हाणीघराबाहेर स्टूल टाकून तिला भट्टीच्या गमती सांगत बसत. मग एका दुपारी आतून आवाज आला, "आजोबा, झाली! दुखलंच नाही!" आजोबा उठले आणि त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने डोळे पुसले.

त्या संध्याकाळी पिटुकलीने माझ्याकडे बोट दाखवले. "आजोबा, हिला का टांगून ठेवलंय? हिनं काय केलं?"

"हिनं काही नाही केलं, बाळा. चुकलं माझं."

लेक तिथेच भाजी चिरत होती. "बाबा, तुम्ही मायेनंच केलंत ना."

"मायेनंच चुकलं," आजोबा म्हणाले.

आता माझ्या अंगाला पीठ लागत नाही. जुने दिवस आठवले की जीव कासावीस होतो. पण मित्रांनो, तुमच्या घरी एखादे लेकरू असे पाय आवळून रडत असेल, तर त्याच्यावर चिडू नका. त्याच्या ताटात काय आहे ते बघा. माझ्यासारखी बारीक चाळणी घरात असेल, तर तिला थोडी विश्रांती द्या. तिला वाईट वाटेल. मलाही वाटले होते. पण पिटुकली आता न रडता न्हाणीघरात जाते, आणि ते मला इथून रोज दिसते.