जनाआतेची तक्रार

'गाठोडं पळालं' हा सिनेमा चालला तो जनाआतेमुळे, हे रत्नागिरीत कुणालाही विचारा. चोरांना जेवू घालून त्यांचाच माल लंपास करणारी ती म्हातारी दर्शना मयेकरने वठवली होती. बाई मिऱ्या बंदराकडची, खानावळ चालवणारी, हौशी नाटकांत मुरलेली. मासळी बाजारातसुद्धा लोक तिला 'आते' म्हणू लागले.

दुसऱ्या भागाचं ठरलं तेव्हा दिग्दर्शक सर्वेश आठवडाभर तिच्या ओटीवर येऊन बसला. "ताई, तुम्ही नुसत्या बोलत राहा. ही तालीमच समजा," म्हणाला आणि मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून तो पुढ्यात ठेवला. दर्शना बोलली. सासूच्या शिव्या, शेजारणीची भांडणं, सगळं. एका संध्याकाळी नवऱ्याचंही बोलून गेली. तो ट्रॉलरवर खलाशी होता, वादळात गेला तो सापडलाच नाही. वर्षभर ती रोज त्याचं ताट वाढत होती. हे तिने सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

त्यानंतर सर्वेशने फोन उचलला नाही. पोस्टर लागलं तेव्हा जनाआतेच्या लुगड्यात मुंबईची एक नावाजलेली नटी होती.

रत्नागिरीतल्या पहिल्या खेळाला सर्वेश स्वतः येणार होता. दर्शना भाचीला, श्रद्धाला घेऊन गेली. सगळ्यांसमोर त्याला फाडून काढायचं, एवढंच डोक्यात होतं.

सिनेमा सुरू झाला. तिचीच वाक्यं, तिचेच हेल, पण दुसऱ्याच्या चपला घातल्यासारखे फटक फटक वाजणारे. थेटर गप्प. मध्यंतरानंतर ती नटी मेलेल्या नवऱ्याचं ताट वाढते आणि मांजर येऊन मासा पळवतं. मागे ढँण ढँण संगीत. कुणी हसलं नाही. श्रद्धाने मावशीचा हात धरला.

खेळ संपला तसे लोक उठू लागले. सर्वेशने घाईघाईने माईक घेतला. "थांबा, थांबा. आपली खरी जनाआते इथेच आहे. ताई, या ना, एक डायलॉग होऊन जाऊ दे."

दर्शना पडद्यासमोरच्या मंचावर गेली. पदर खोचला, कंबर वाकवली आणि जनाआते झाली. लोक परत बसले.

"हवालदारसाहेब, तक्रार लिवून घ्या. माझ्या घरात चोर शिरलो. कोळंबीचा कालवण जेवलो, वर सोलकढी मागून प्यायलो. गेल्यावर बघतंय तर सोनां जाग्यावर, भांडी जाग्यावर, माझी जीभ तेवढी गायब."

हशा उसळला. सर्वेशही हसला. त्याला अजून कळलं नव्हतं.

"हवालदार विचारतो, चोराचा वर्णन सांगा. सांगतंय ना. उंच, दाढीवालो, घरातसुद्धा गॉगल कपाळावर. हो बघा, माझ्या डाव्या हाताक उभो आसा."

थेटर डोक्यावर घेतलं लोकांनी. शंभर मोबाईल वर झाले. सर्वेशचं हसू ओठांवरच आंबलं. त्याने माईककडे हात केला, तशी दर्शना सरळ उभी राहिली आणि स्वतःच्या आवाजात बोलली.

"वाक्यं घेतलीस, शिव्या घेतल्यास, घे. पण ते ताट माझ्या नवऱ्याचं होतं. त्यावर मांजर सोडलंस तू."

कुणीतरी मागून "शरम" एवढंच म्हणालं. सर्वेश मान खाली घालून बाजूच्या दाराने निघाला.

थोड्या वेळाने थेटरबाहेरच्या पायऱ्यांवर त्याने तिला गाठलं. "ताई, व्हिडिओ सगळीकडे गेलाय. पिक्चर बुडाला माझा."

"बरं झालं," दर्शना म्हणाली आणि रिक्षात बसली.

श्रद्धाला वाटलं, आता मावशी शांत होईल. पण दुसऱ्या दिवशी दुपारी खानावळ तिच्यावर सोपवून दर्शना एकटीच थेटरात गेली. आत चिटपाखरू नव्हतं. ती मधोमध बसली. थोड्या वेळाने डोअरकीपर जवळ आला.

"आते, तुम्ही एकट्याच आहात. मॅनेजर विचारतायत, बंद करू का? पैसे परत देतो."

दर्शनाने पाय लांब केले.

"चालू ठेव," ती म्हणाली. "रिकाम्या खुर्च्यांसमोर कसा चालतो, ते बघायला आलेय."