करंगळीचा आकडा

घरातला कीबोर्ड बिघडलाय, असं संगीतकार तीन महिने बायकोला पटवत होता. उजवीकडच्या वरच्या पट्ट्या दाबल्या तरी आवाज दबका येतो, बारा वर्षांचं यंत्र आहे, त्याचे आता दिवस भरले. मालिकांना पार्श्वसंगीत देणाऱ्या माणसाचं पोट त्या पट्ट्यांवर, तेव्हा बायकोने विश्वास ठेवला. त्याआधी त्याच्या हातून कप सुटला तो कप गुळगुळीत होता म्हणून, आणि शर्टाचं बटण लागेना ते काज अरुंद होतं म्हणून, हेही तिने ऐकून घेतलं होतं. ती शिवणकाम करायची आणि ते काज तिनेच केलेलं होतं. तरी तिने ते मोठं करून दिलं.

खरं सांगायचं तर बिघाड यंत्रातच असावा, अशी त्याचीच इच्छा होती. यंत्रात नसेल तर कुठे आहे, या प्रश्नाच्या तो वाऱ्यालाही उभा राहत नव्हता. त्यातच एका नाटक कंपनीबरोबर आठ महिन्यांचा दौरा ठरला. मुक्कामाच्या खोलीत बसून संगीत रचायचं, म्हणजे बॅगेत मावेल असा लहान कंट्रोलर, कॉम्प्युटरला जोडायचा कीबोर्ड, लागणार. चला, घ्यायचाच आहे, असं म्हणून त्याने स्वतःचीही समजूत घातली.

बायको वाद्यांच्या दुकानात मापाची टेप घेऊन आली. बॅगेची मापं तिने तळहातावर पेनाने लिहून आणली होती. कुठला चांगला वाजतो हे विचारायच्या आधी तिने तीन कंट्रोलर उभे-आडवे मोजले, तेव्हा चष्मेवाला दुकानदार गालातल्या गालात हसला. पियानोसारख्या जड पट्ट्यांचा मोठा कंट्रोलर त्याने पुढे केला. संगीतकाराने एक पट्टी दाबली, ती अर्ध्यावरच थांबली. त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि प्रवासात एवढं धूड कोण वाहणार, असं जरा जास्तच मोठ्याने म्हणाला.

मग आला पंचवीस पट्ट्यांचा, वहीएवढा. याच्या पट्ट्या सहज खाली जात होत्या. त्याचा चेहरा खुलला. बघ, मी म्हणत नव्हतो, असं तो बायकोला दोनदा म्हणाला. तिनेही मान डोलावली आणि टेप गुंडाळायला घेतली.

कंट्रोलरला स्वतःचा आवाज नसतो. कुठली पट्टी दाबली आणि किती जोरात, एवढंच तो कॉम्प्युटरला कळवतो. दुकानातले स्पीकर दुसऱ्या गिऱ्हाइकापाशी अडकले होते, म्हणून दुकानदाराने पडद्यावर नुसते आकडे लावून दिले. सगळ्यात जोराचा आकडा एकशे सत्तावीस.

संगीतकाराने पाचही बोटं ओळीने चालवली. अंगठा शहात्तर. पहिलं बोट ऐंशी. मधलं पासष्ट. अनामिका एकतीस. करंगळी एकोणीस.

त्याने पुन्हा वाजवलं. करंगळी सतरा.

हा पीस खराब दिसतो, तो म्हणाला. दुकानदाराने बिचाऱ्याने नव्या खोक्याची चिकटपट्टी कापून दुसरा जोडला. या खेपेला संगीतकाराने खांद्यापासून जोर लावला, कपाळावर घाम आला. करंगळी बावीस. हाही तसाच, तो म्हणाला, सगळा मालच असला आलाय. आपला आवाज चिरकतोय हे त्याला ऐकू येत होतं. त्याला भयंकर भीती वाटत होती आणि ती लपवायला आता यंत्रं उरली नव्हती.

बायकोने आयुष्यात कधी पट्टीला बोट लावलं नव्हतं. तिने हात पुढे केला आणि तीच पट्टी करंगळीने दाबली.

सत्त्याण्णव.

तिने बोट झटकन उचललं, जणू काहीतरी मोडून बसली. दुकानदार चष्मा काढून पुसायला लागला. सगळ्या पट्ट्या एकाच जोरावर ठेवायची सोय यात असते, तो काचेकडे बघत म्हणाला, बरेच जण तसंच वाजवतात, ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही. मग नवं खोकं आणतो म्हणून तो आत गेला. नवं खोकं कुणी मागितलं नव्हतं.

पडद्यावर आकडा तसाच होता. संगीतकार तिकडे बघत म्हणाला, की झोप नीट होत नाही हल्ली, त्यामुळे असेल. बायकोने काउंटरखाली त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला.

"दाब," ती म्हणाली. "माझा हात दाब. जोरात."

त्याने तिच्याकडे पाहिलं.

"दाबतोय की," तो म्हणाला.