शहाण्णवावं घर

मावशीला प्रयोगशाळेत सगळे भिंगमावशी म्हणत. सव्वीस वर्षं ती खिडकीखालच्या टेबलाशी बसून माश्या ओळखत आली. मोहरीएवढी माशी चिमट्यात धरायची, पंखावरची एखादी शीर बघायची आणि नाव सांगून मोकळी. मला तिनंच वाढवलं, तिनंच इथे चिकटवलं, आणि तिनंच रोज चारचौघांत सुनावलं, "तुझी नजर कच्ची आहे गं." माणसानं किती दिवस ऐकून घ्यायचं?

मग यंत्र आलं. तळहातावर मावेल एवढं. जाळ्यात सापडलेले हजारो किडे एकेक करून न्याहाळायची गरजच उरली नाही. प्रत्येकाचा एक पाय तोडायचा, शहाण्णव घरांच्या प्लेटमध्ये एकेका घरात टाकायचा, द्रव घालून तापवायचं. पुढे यंत्र त्याच्या डीएनएचा छोटासा तुकडा वाचतं आणि त्यावरून जात कळते. एका किड्याचा खर्च एका चहापेक्षा कमी. ते काम माझ्याकडे होतं.

साहेबांनी सांगून टाकलं, जागा एकच राहणार. "पंच्याण्णव माश्या घ्या. मावशी डोळ्यांनी ओळखतील, ही यंत्रानं. मग बघू."

पंच्याण्णवच, कारण शेवटचं घर मुद्दाम रिकामं ठेवतात. त्यात काही सापडलं तर कुठेतरी घोळ झालाय असं समजायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही याद्या घाईघाईनं ताडून साहेबांना आकडा दिला. मावशीच्या फक्त अकरा माश्या जुळल्या होत्या. त्याही एका जातीच्या माश्या ढिगानं होत्या म्हणून.

"मावशी, सव्वीस वर्षं आम्हाला थापा मारत होतात की काय?" साहेब म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

मावशीनं भिंग रुमालानं पुसलं, एक माशी पुन्हा पाहिली. "मला तर अजून तीच दिसतेय," ती म्हणाली.

"तेच तर!" साहेब म्हणाले, आणि पुन्हा हशा.

दुपारी सविस्तर अहवाल लिहायला बसले तेव्हा दिसलं. शेवटच्या घरात माशी होती. रिकामं होतं ते पहिलं घर. प्लेटचा एक कोपरा कापलेला असतो, तो पहिल्या घराची खूण. मी न बघता प्लेट उलटी फिरवून ठेवली होती. पहिलं शेवटी, शेवटचं पहिलं. यंत्राची यादी खालून वर लावून पाहिली. पंच्याण्णवपैकी चौऱ्याण्णव जुळल्या. उरलेल्या एकीपुढे मावशीनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'खात्री नाही'.

साहेबांची खोली बारा पावलांवर. सांगितलं असतं तर मावशी राहिली असती आणि मी गेले असते. ज्या कामासाठी मला ठेवलं होतं, त्यातच मी माती खाल्ली होती.

तेवढ्यात मावशीच माझ्या टेबलापाशी आली. "एकदा पुन्हा लावून बघशील का गं? पाच-पाच पाय उरलेत अजून त्यांना."

"साहेब नको म्हणालेत," मी म्हणाले. साहेब काहीच म्हणाले नव्हते.

ती गेल्यावर मी रिकाम्या घराची ओळ अहवालातून काढून टाकली आणि त्या लंगड्या माश्या बेसिनमध्ये ओतल्या. वरून भरपूर पाणी सोडलं.

महिनाअखेरीस मावशी घरी बसली. जाताना तिनं साहेबांची माफी मागितली. डोळे दगा देतायत हे वेळेवर कळलं नाही, म्हणाली.

परवा सकाळी ती गोळ्यांची डबी घेऊन माझ्यासमोर आली. दोन्ही गोळ्या पांढऱ्या, एक रक्तदाबाची, एक झोपेची. रक्तदाबाच्या गोळीवर केसाएवढी बारीक रेघ असते. मावशीनं माशी धरावी तशी एक गोळी दोन बोटांत धरली होती.

"सकाळची हीच ना गं? माझा काही भरवसा नाही आता."

तीच होती. मी ती तिच्या बोटांतून काढून घेतली, उजेडात धरली, उलटसुलट करून बघितली, चांगला वेळ लावला. मग ती डबीत टाकली, त्याच खणातली तसलीच दुसरी उचलली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"बरं झालं विचारलंस," मी म्हणाले.