भिंतीपलीकडच्या गुळण्या

गुळण्या करता करता सेत्सुको थांबली आणि कान देऊन उभी राहिली. पलीकडून आजही आवाज नव्हता.

तिनं तोंडातलं औषधाचं तपकिरी पाणी थुंकलं, बेसिन धुतलं. तोयामा शहरातल्या त्या जुन्या इमारतीच्या भिंती पातळ होत्या. शेजारचे कुरामोची कामावरून परतले की आधी त्यांच्या गुळण्या ऐकू यायच्या, मग टीव्ही. जिन्यात भेटले तर मान लववायची, एवढीच ओळख. पण यंदा फ्लूची साथ जोरात होती. काल पलीकडून नुसता खोकला ऐकू आला होता. आज तोही नाही.

एकटा राहणारा पुरुष. काय म्हणेल? तिनं मास्क लावला, गुळण्यांच्या औषधाची नवी बाटली घेतली आणि त्यांची बेल दाबली.

बऱ्याच वेळानं दार जरासं उघडलं. कुरामोचींनी अंगावर रजई ओढली होती.

"लांबच राहा, ताप आहे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"तुमच्या गुळण्या ऐकू आल्या नाहीत, म्हणून..."

"बापरे! ते ऐकू जातं?"

"सगळंच जातं."

ते हसायला गेले आणि खोकत राहिले. "औषध संपलं होतं. आणायचा आळस केला, आता भोगतोय."

तिनं बाटली उंबऱ्याशी ठेवली. ते आत गेले आणि दाराबाहेर एक पिशवी सरकवून म्हणाले, "गावाकडची संत्री आहेत. एक तुम्हाला, एक तुमच्या यजमानांना. त्यांनाही म्हणावं, जपा."

सेत्सुकोनं पिशवी उचलली.

"सांगते," ती म्हणाली.

घरी येऊन तिनं एक संत्रं सोललं, फोडी सावकाश खाल्ल्या. दुसरं हातात घेतलं, परत ठेवलं. शेवटी ते घेऊन ती पुन्हा शेजारी गेली.

"हे तुम्हीच खा. माझे यजमान नाहीत. चार वर्षं झाली."

कुरामोची गोंधळले. "पण रोज संध्याकाळी तुम्ही त्यांच्याशी बोलता ना? जेवायला काय केलंय, बाहेर किती बर्फ पडलाय..."

तिनं होकारार्थी मान हलवली.

"मला आपलं वाटायचं," ते हळूच म्हणाले, "ते फारसे बोलत नसावेत."

"होते तेव्हाही नव्हतेच बोलत," सेत्सुको म्हणाली.