क्वेकच्या पाठीत तीन गोळ्या

वर्षातले पन्नास आठवडे रिदवान क्वेकसाहेबांपुढे मान खाली घालून उभा राहायचा, आणि उरलेले दोन आठवडे क्वेक रिदवानपुढे. राखीव फौजेचं बोलावणं आलं की सिंगापुरात भल्याभल्यांचं असं उलटंपालटं होतं. गोदामाचा मॅनेजर साधा जवान होतो आणि त्याचाच ड्रायव्हर सार्जंट, कारण अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी सक्तीच्या लष्करी सेवेत जो हुद्दा चिकटला तो चिकटला. पुढे तुम्ही बाहेर कोण झालात याच्याशी फौजेला काही देणंघेणं नसतं.

क्वेक चिन होंग हा माणूस कुणाला आवडावा असा नव्हताच. गेल्या वर्षी रिदवानने शुक्रवारच्या नमाजासाठी दोन तासांची सूट मागितली, तर या गृहस्थाने सगळ्या ड्रायव्हरांसमोर विचारलं, मग पार्सलं काय तुझा इमाम पोचवणार? वर त्याला पार बेटाच्या पश्चिम टोकाला, तुआसच्या फेरीवर टाकलं. रिदवानने तेही गिळलं. अकरा वर्षांची नोकरी होती. बायकोला, नोरैनीला, सातवा महिना लागला होता आणि तिचं बाळंतपण नोकरीच्या विम्यावर व्हायचं होतं. करार दरवर्षी नवा व्हायचा. यंदाचा क्वेकच्या टेबलावर बिनसहीचा पडला होता. कॅम्पहून आल्यावर बघू, एवढंच साहेब म्हणाले होते.

कॅम्पात दोघं एकाच तुकडीत. पहिल्याच दिवशी क्वेकचं पोट सरावाच्या जॅकेटात मावेना. मुरुगय्या म्हणून एक होता, एरवी बसडेपोत मेकॅनिक, जिभेला हाड नसलेला. त्याने गंभीरपणे विचारलं, "दोन जॅकेटं जोडून देऊ का, साहेब?" सगळे खिदळले. रिदवानलाही हसू आवरलं नाही. क्वेकने बाकी कुणाकडे पाहिलं नाही, फक्त त्याच्याकडे पाहिलं.

"हसून घे, सार्जंट," तो म्हणाला. "सोमवारी भेटायचंच आहे."

सराव खोट्या शहरात चालायचा. इमारती खऱ्या, जिने खरे, फक्त माणसं राहत नाहीत. बंदुकीच्या नळीवर एक डबी बसवलेली असते. काडतूस फुसकं, नुसता आवाज करणारं, पण चाप ओढला की डबीतून डोळ्यांना न दिसणारा किरण सुटतो. तो समोरच्याच्या जॅकेटावर बसला की जॅकेट कर्कश ओरडायला लागतं. मग हेल्मेट काढायचं आणि मुकाट भिंतीला टेकून बसायचं, कारण तुम्ही मेलेले असता.

या जॅकेटांच्या जोरावर पलटणीत एक रीत पडली होती. ती कुठल्या पुस्तकात नव्हती, पण नव्या माणसालाही दुसऱ्या वर्षी कळायची. शेवटच्या दिवशी, शेवटच्या चकमकीत, धूर आणि आरडाओरडा चालू असताना ज्याने त्याने आपल्या नावडत्या माणसाला एक गोळी घालून घ्यायची. जॅकेट ओरडायचं, पण कुणी मारलं ते सांगायचं नाही. एक मेजर तीन वर्षं ओळीने मेला होता. संध्याकाळी कॉफी पिताना हसायचं, पोटातलं सगळं तिथेच टाकायचं आणि हलक्या मनाने घरी जायचं. यंदा जॅकेटं नवी आली होती. त्यांच्याबद्दल पहिल्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर तासभर भाषण झालं, आणि एसीच्या गारव्यात झाडून सगळे झोपले. रिदवानही झोपला.

शेवटची चकमक चौथ्या मजल्यावर संपली. शत्रू झालेली तिन्ही पोरं हेल्मेट काढून कोपऱ्यात बसली होती. क्वेक दाराकडे तोंड करून धापा टाकत पाणी पीत होता. रिदवानने त्याला जिना सांभाळायला सांगितलं.

"तूच सांभाळ," क्वेक मागे न बघता म्हणाला. "जिने चढायची सवय तुला आहे."

रिदवानच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने बंदूक खांद्याला लावली, नीट लावली, आणि चाप ओढला. क्वेक दचकून वळला तेव्हा रिदवान खिडकीतून बाहेर बघत होता. मुरुगय्याने सगळं पाहिलं होतं. तो चेहरा सरळ ठेवून म्हणाला की साहेब, हेल्मेट काढा, आपण वारलात. अकरा वर्षांत इतकं बरं रिदवानला कधी वाटलं नव्हतं.

ते बरं वाटणं दोन तासही टिकलं नाही. दुपारी सगळ्यांना सभागृहात बसवून कॅप्टन येओने नव्या जॅकेटांनी टिपलेली अख्खी लढाई पडद्यावर लावली. येओ सव्वीस वर्षांचा, कायमच्या फौजेतला, हसणं माहीत नसलेला. पडद्यावर इमारतीच्या भिंती रेघांनी काढल्या होत्या, आपली माणसं निळे ठिपके, शत्रू लाल. चौथ्या मजल्यावरचे लाल ठिपके एकेक करून विझले. आणि मग एका निळ्या ठिपक्यातून रेघ निघाली ती सरळ दुसऱ्या निळ्या ठिपक्यात घुसली. बाजूला अक्षरं उमटली. सार्जंट रिदवान. अंतर चार मीटर. नेम सहा सेकंद. गोळ्या तीन.

मागे कुणीतरी शीळ घातली, थोडे हसले, मग कुणीच हसलं नाही.

येओने शांतपणे सांगितलं की युद्धात याला खून म्हणतात. चुकून झालं असेल तर विषय इथेच मिटेल, नाहीतर चौकशी लागेल. गोळ्या ज्याला लागल्या त्यानेच सांगावं. क्वेक सावकाश उठला. अख्खी पलटण आपल्याकडे बघतेय याची चव घेत तो क्षणभर नुसताच उभा राहिला.

"चुकूनच, सर," तो म्हणाला. "मीच मध्ये आलो. रिदवान गरीब माणूस आहे."

बाहेर कॉफीच्या पिंपापाशी त्याने रिदवानला गाठलं. सोमवारी ये, सही करतो, म्हणाला. फेरी तुआसचीच, शुक्रवार धरून. आणि सकाळी सगळे जमले की मी तुला कसं वाचवलं ते तुझ्या तोंडाने सांगायचं, काही न गाळता.

"आत्ता नुसतं थँक्यू म्हण," क्वेक म्हणाला. "सवय होऊ दे."

'हो साहेब' रिदवानच्या ओठांवर आलंच होतं, अकरा वर्षांच्या सवयीने. नोरैनी डोळ्यांपुढे आली, विमा आला, दोन महिन्यांनी भरायचं हॉस्पिटलचं बिल आलं. तो घाबरला होता, चांगलाच घाबरला होता. पण या माणसाची त्याला त्याहून जास्त किळस आली. त्याने कप तसाच ठेवला आणि सभागृहात परत गेला. येओ वायरी गुंडाळत होता.

"सर, ते चुकून नव्हतं. मी मारलं त्याला."

क्वेक मागोमाग दारापर्यंत आला होता. सार्जंट दमलाय सर, मनावर घेऊ नका, असं तो घाईघाईने म्हणाला. येओने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"विचार करून बोला, सार्जंट. हुद्द्याचे पट्टे जातील."

"जाऊ देत. नोकरीही जाईल. ती यांच्याच हातात आहे."

येओने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि वही उघडली. "का, ते चौकशीत सांगा. मला एवढंच सांगा, तीन कशाला?"

"पहिल्या गोळीलाच जॅकेट ओरडलं, सर," रिदवान म्हणाला. "ते मी ऐकलं. पुढच्या दोन ऐकल्यावर घातल्या."