पिस्टनवरचे चार ओरखडे

बीरेतने आपल्या स्नोमोबाइलचा, बर्फावरच्या गाडीचा, सिलिंडर सोडवला आणि पिस्टन शेडच्या खिडकीपाशी नेला. तेल कमी पडलं असतं तर तो सगळीकडून सोलवटला असता. पेट्रोल कमी मिळालं असतं तर माथा वितळला असता. इथे बाजूंवर चार उभे ओरखडे होते, जवळजवळ सारख्या अंतरावर. गार इंजिन एकदम पळवलं की पिस्टन आधी फुगतो, सिलिंडर मागे राहतो, आणि असं घासतं.

हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. "इंजिन सुरू केलं की कॉफीचा कप संपेपर्यंत गाडी हलवायची नाही."

मंगळवारी तिची स्नोमोबाइल गोठलेल्या तळ्यावर जाम झाली. चौदा किलोमीटर ती चालत आली. रेनडिअरचा कळप किनाऱ्याकडे नेताना यंदा पहिल्यांदाच सर्वांत पुढे ती असणार होती. आता तो मान तिच्या भावाला, अस्लाकला मिळाला होता. "तिला यंत्र सांभाळता येत नाही," बाबा सगळ्यांसमोर म्हणाले होते.

त्याआधी तीन दिवस ती दात काढायला आल्ता शहरात गेली होती, अस्लाक कळपापाशी होता. किल्ली नेहमीसारखी गाडीलाच होती. परतल्यावर मीटर बारा किलोमीटर पुढे दिसला, पण तिने मनावर घेतलं नव्हतं.

स्वयंपाकघरात तिचे बाबा, नीलास, वाळल्या मांसाचे तुकडे सुरीने कापून कॉफीत टाकत होते. तिने पिस्टन त्यांच्यासमोर ठेवला.

"बाबा, मी नसताना माझी गाडी तुम्ही काढलीत?"

सुरी थांबली. "लांडगा घराजवळ आला होता, तुझीच गाडी दारात होती. उणे अडतीस होतं. कॉफी पीत बसलो असतो?"

"नाही. पण नंतर सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, नीलास म्हातारा झाला. तू तरुण आहेस, पोरी. पुढच्या वर्षी जा पुढे."

तेवढ्यात अस्लाक बुटांवरचं बर्फ झटकत आत आला. "काय गं, सापडला का दोष?"

बीरेतने बाबांकडे पाहिलं.

"घाई," बाबा म्हणाले. "गार इंजिन पळवलं तिने."

"आल्ताच्या डॉक्टरने अक्कलदाढच काढली वाटतं," अस्लाक हसला.

तिने पिस्टन उचलून त्याच्या हातात दिला. "मी आल्तात असताना गाडी बारा किलोमीटर चालली. कोणी चालवली ते बाबांना विचार."

उत्तर ऐकायला ती थांबली नाही. शेडमध्ये नवा पिस्टन बसवायचा होता. त्याआधी तिने गाडीची किल्ली काढून खिशात टाकली.